ताट मोडल्यानंतर : वऱ्हाडातील शिक्षणप्रबोधन आणि वंचितांचे घर

वऱ्हाडातील बहुजन समाजाच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना दोन गोष्टींचा उल्लेख हमखास होतो. एक, संत गाडगेबाबांचे कीर्तन आणि दुसरी, डॉ. पंजाबराव देशमुख यांचे वसतिगृह. बाबांनी शिक्षणाची ओढ निर्माण केली आणि भाऊसाहेबांनी शिक्षणाची सोय केली, अशी त्यांच्या कार्याची सुटसुटीत विभागणीही केली जाते. ही विभागणी चुकीची नाही. मात्र ज्या घरातून मूल शाळेत जावयाचे, त्या घराला तिच्यात जागा उरत नाही. मूल शाळेत गेल्यावर घरातील कामाचे दोन हात कमी होतात, वही-कपड्यांचा खर्च वाढतो आणि पुष्कळदा बुडालेली मजुरी कर्जाच्या रूपाने उभी राहते. ही तूट कोणी भरून काढावयाची, या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडातील प्रबोधनाने, साहित्याने आणि पुढे शासनाच्या योजनांनी कसे दिले, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे.

परतवाड्यासारख्या गावी हा प्रश्न अधिक टोकदार होतो. अचलपूरला लागून असलेले, इंग्रजी अमदानीत छावणी म्हणून वाढलेले हे गाव एकीकडे कापूस, तूर आणि संत्र्यांच्या सपाट मुलुखाला, तर दुसरीकडे सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे चढणाऱ्या मेळघाटाच्या रस्त्याला जोडलेले आहे. गाडगेबाबांचे कीर्तन ज्या शेतकरी-मजुरांपुढे झाले तो सपाटीवरचा समाज आणि ज्याच्यापर्यंत ते त्याच्या भाषेत पोचले नाही तो कोरकू समाज, असे दोन्ही समाज या एकाच बाजारात भेटतात.

कीर्तनातील श्रोता

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे परीट समाजातील कुटुंबात झाला. बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाच्या घरी गुरे राखण्यात आणि शेतीच्या कामात गेले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पुढे अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले, या घटनेतील विरोधाभासावर गौरवपर भाषणे पुष्कळ होतात. परंतु शाळा न पाहिलेल्या वक्त्याने शाळेचा पुरस्कार केला तेव्हा त्याच्या बोलण्याची रचना कशी झाली, याकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही.

बाबांचे कीर्तन नारदीय परंपरेतील पूर्वरंग-उत्तररंगाच्या चौकटीत बसत नाही. ते प्रश्नोत्तराच्या अंगाने चालते. बाबा प्रश्न विचारीत, जमाव उत्तर देई, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे आणि मध्येच 'देवकीनंदन गोपाला'चा गजर होई. या प्रश्नोत्तरातील दुसरा पक्ष कोण, हे पाहिले असता शिक्षणविषयक भाग लहान मुलांना उद्देशून नाही, हे ध्यानात येते. तो आईबापांना, त्यातही घरखर्च ज्याच्या हाती आहे त्या पुरुषाला उद्देशून आहे. जेवणाचे ताट मोडावे लागले तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खावी, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्यावे, मोडक्या घरात राहावे, पण मुलाला शाळेत घातल्याशिवाय राहू नये, हा त्यांच्या उपदेशाचा आशय सर्वांच्या परिचयाचा आहे. देवाला बोकड कापणे, तीर्थयात्रांवर पैसा उधळणे, सण-लग्नांसाठी कर्ज काढणे आणि दारू या खर्चांवर ते त्याच दमात प्रहार करीत. म्हणजे हे कीर्तन हा घरखर्चाचा भर चौकात मांडलेला हिशेब होता. जमेची बाजू बदलता येत नाही, तेव्हा खर्चाची बाजू बदला आणि वाचलेले शाळेकडे वळवा, असा त्याचा अर्थविचार होता.

या अर्थविचाराचे सामर्थ्य मोठे आहे. शिक्षण ही पाटील-कुळकर्ण्यांच्या घरची गोष्ट आहे, ही समजूत त्याने मोडली. निरक्षरतेचा संबंध नशिबाशी न लावता खर्चाच्या निवडीशी लावला आणि निवड बदलता येते, असा विश्वास दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण ते देत तेव्हा श्रोत्यांपुढे एक जिवंत पुरावा उभा राही. तरीही या विचाराला एक गृहीतक आहे, ते म्हणजे प्रत्येक घरात गळती असते. ताट आहे म्हणून ते मोडता येते. बोकड, यात्रा, दारू यांवर खर्च होतो म्हणून तो थांबवता येतो. ज्या घरात गळतीच नाही, तेथे या उपदेशाचे काय करावयाचे, याचे उत्तर कीर्तनात मिळत नाही.

येथे बाबांना न्याय द्यावयाचा तर त्यांच्या विचाराची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. दशसूत्री म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्यांच्या संदेशात भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र यांच्या पाठोपाठ गरीब मुलामुलींच्या शिक्षणासाठी साहाय्य येते. बेघरांना आसरा, रोग्यांना औषध, बेकारांना रोजगार ही सूत्रे त्यानंतरची आहेत. या यादीत शिक्षण ही आईबापांनी सोसावयाची गोष्ट राहत नाही. अन्नपाण्याइतकीच ती समाजाने पुरवावयाची गोष्ट होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, हे याच सूत्राचे आचरण होते. वारकऱ्यांसाठी उभारलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या कामी येण्यात त्यांना काहीच वावगे वाटले नाही. अशा रीतीने बाबांच्या शिक्षणविचाराचे दोन भाग पडतात. एक पालकाला उद्देशून आहे, दुसरा देणाऱ्याला. सभा-संमेलनांत मात्र पहिलाच भाग अधिक उत्साहाने सांगितला जातो. याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. ताट मोडण्याचा उपदेश करण्यास सांगणाऱ्याला काहीच खर्च येत नाही.

'धग'मधील घर

गाडगेबाबांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १९६० मध्ये, उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. वऱ्हाडी बोलीतील संवाद, ग्रामीण वास्तव आणि कौतिकची व्यक्तिरेखा या तीन अंगांनी तिची समीक्षा विपुल झाली आहे. शिक्षणविषयक कृती म्हणून मात्र ती क्वचितच वाचली जाते. वास्तविक वऱ्हाडातील गरीब घराला शिक्षणाची ओढ किती महाग पडते, याचे इतके नेमके चित्रण दुसरीकडे सापडणे अवघड आहे.

शिंपीकाम करणाऱ्या महादेवाच्या संसाराचा भार त्याच्या बायकोवर, कौतिकवर आहे. ती रोजमजुरी करते, मुले वाढवते आणि त्यांनी शिकावे अशी आस धरते. कीर्तनाच्या कसोटीवर कौतिक पूर्णपणे उतरते. तिला शिक्षणाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. ती उधळपट्टी करीत नाही, कष्टाला मागे हटत नाही, मानीपणाही सोडत नाही. ताट मोडावे लागते ते तिने केव्हाच मोडलेले आहे. तरीही तिचा संसार उभा राहत नाही. नवऱ्याचा हातभार नाही, आजारपण घरात शिरते आणि मजुरीचा एक दिवस बुडाला की दुसऱ्या दिवसाची भाकरी अडते. इच्छा, कष्ट आणि काटकसर ही तीनही एकाच स्त्रीच्या ठायी एकवटलेली असूनही तेवढ्याने भागत नाही, हे शेळके कोणतेही भाष्य न करता दाखवतात.

काही समीक्षकांनी या कादंबरीत नियतीचा क्रूर खेळ पाहिला आहे. हे वाचन कादंबरीतील आर्थिक तपशिलांवर अन्याय करणारे आहे. कौतिकच्या वाट्याला आलेली अनेक संकटे टाळता येण्याजोगी आहेत. आजारपणात औषध, बुडालेल्या दिवसांची भरपाई, मुलाच्या शाळेसाठी थोडी मदत यांपैकी काहीही घराबाहेरून आले असते तर तिच्या संसाराची दिशा वेगळी झाली असती, असे म्हणण्यास कादंबरीच आधार देते. दशसूत्रीतील अन्न, वस्त्र, औषध, रोजगार आणि शिक्षण ही सूत्रे सुटी सुटी वाचली तर ती दानधर्माची यादी वाटते. कौतिकच्या घरात ती एकत्र पाहिली की त्यातले एक जरी सुटले तरी उरलेली का कोलमडतात, हे समजते. या अर्थाने 'धग' ही बाबांच्या कीर्तनाला मिळालेली पुरवणी आहे आणि काही अंशी त्यावरचा आक्षेपही आहे.

या आक्षेपाचे मूळ अर्थात जुने आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकरी व अन्य गरीब वर्गातील मुले शाळेत येत नाहीत याचे कारण स्पष्टपणे सांगितले होते. आईबापांना गुरे राखण्यासाठी आणि शेतावर देखरेखीसाठी ती मुले लागतात, इतके ते दारिद्र्य आहे. त्यांनी आईबापांच्या उदासीनतेला दोष दिला नाही. ठरावीक वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि मागासलेल्या वर्गांतील मुलांसाठी खास शिष्यवृत्त्या या दोन मागण्या त्यांनी एकत्र केल्या. सक्तीसोबत साहाय्य हवे, हा तो विचार होता.

वसतिगृहाची वाट

डॉ. पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केले आणि १९३२ पासून श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा विस्तार झाला, त्याबद्दल येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. मराठी वाचकांस तो इतिहास ठाऊक आहे. लक्षात घ्यावयाची बाब एवढीच की वसतिगृहाने घरावरचा एक मोठा भार उचलला. मुलाच्या जेवणाचा आणि निवाऱ्याचा प्रश्न सुटला, निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत बसली आणि खेड्यातून मॅट्रिकपर्यंत पोचणारी पहिली पिढी तयार झाली. परंतु वसतिगृहाने घराला मदत केली ती मुलाला घरातून काढून घेऊन. ज्या शेतकरी कुटुंबात दुसरा भाऊ शेती पाहत होता, तेथे ही व्यवस्था उत्तम चालली. ज्या घरात दुसरा भाऊ नव्हता किंवा शेतच नव्हते, तेथून वसतिगृहात येणारी मुले थोडी होती आणि मुली तर त्याहूनही थोड्या.

परतवाड्यातच ८ जुलै १९१६ रोजी जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांचा दाखला येथे मनोरंजक ठरतो. शाळा आणि घर पोरवयातच सोडून ते स्वातंत्र्य चळवळीत गेले, भटकले, गाडगेबाबांच्या सहवासात आले आणि पुढे त्यांचे चरित्रही त्यांनी लिहिले. 'स्मरणगाथे'तील त्या भटकंतीकडे वाचक साहस म्हणून पाहतो. घर सुटलेल्या मुलाला त्या काळी मठ, पाठशाळा आणि विद्वानांची घरे यांचा आसरा मिळू शकत होता, ही त्या साहसामागची सामाजिक व्यवस्था होती. त्याच डोंगरपायथ्याच्या कोरकू मुलाला ती वाट खुली नव्हती, मुलीचा तर प्रश्नच नव्हता.

तांदूळ, रुपया आणि घराला पोचणारे साहाय्य

स्वातंत्र्योत्तर काळातील शासकीय योजनांकडे पाहताना त्या कोणाला उद्देशून आहेत, हा कीर्तनाला लावलेला निकष पुन्हा लावून पाहता येतो. पाठ्यपुस्तके, गणवेश, वसतिगृह, आश्रमशाळा या सर्व योजना मुलाला उद्देशून आहेत. घराला उद्देशून असलेल्या योजना कमी आहेत आणि त्यांचा इतिहास बोलका आहे.

१९९५ मध्ये केंद्र शासनाची शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली तेव्हा पुरेशी हजेरी असलेल्या मुलाला दरमहा ३ किलो धान्य दिले जाई. महाराष्ट्रात हा तांदूळ पिशवीतून घरी जात असे आणि सगळे घर तो खात असे. मुलाच्या हजेरीची किंमत घराच्या चुलीपर्यंत पोचत होती. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि कोरड्या तांदळाची जागा शाळेतील खिचडीने घेतली. हा बदल योग्यच होता. मुलाच्या पोटात अन्न जाईल याची खात्री त्याने दिली आणि एका पंगतीत जेवण्याचा संस्कारही केला. पण त्याबरोबर घराला मिळणारा लहानसा वाटा थांबला आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही, याची नोंद कोणी घेतली नाही.

दुसरे उदाहरण उपस्थिती भत्त्याचे. १९९२ पासून महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या विमुक्त कुटुंबांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजर राहिलेल्या प्रत्येक दिवसाला १ रुपया देण्यात येऊ लागला. मुलगी शाळेत गेली की धाकट्या भावंडाला सांभाळणारे, पाणी भरणारे, सरपण आणणारे माणूस घरातून कमी होते, हे शासनाने या रुपयाच्या रूपाने मान्य केले. तत्त्व म्हणून ही मान्यता मोलाची होती. पुढे मजुरीचे दर कितीतरी पटींनी वाढले, तो रुपया मात्र जवळपास तीन दशके रुपयाच राहिला. योजनेमागचे तत्त्व कळणारा कोणी पुढे मंत्रालयात उरला नसावा.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना या दृष्टीने अधिक समंजस आहे. एक वा दोन्ही पालक गमावलेल्या किंवा पालकांच्या गंभीर आजारामुळे निराधार झालेल्या मुलाला संस्थेत पाठवण्याऐवजी कुटुंबातच वाढवता यावे, म्हणून ती मासिक अनुदान देते. २०२३ मध्ये ही रक्कम ११०० रुपयांवरून २२५० रुपये करण्यात आली. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती-अकोला जिल्ह्यांत एकट्या आईच्या घराला या रकमेचा अर्थ काय, हे सांगावयास नको. 'धग'मधील कौतिकला अशा योजनेतून काही मिळाले असते का, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. नवरा जिवंत आहे, केवळ निरुपयोगी आहे, एवढ्या कारणावरून तिचा अर्ज फेटाळला जाण्याचीच शक्यता अधिक. गरिबी हा निकष पुरेसा मानावयाचा की आपत्ती घडेपर्यंत थांबावयाचे, हा या योजनेपुढचा खरा प्रश्न आहे.

परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी उभे केलेले काम या चर्चेला वेगळी दिशा देते. टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुले त्यांनी वाढवली. या मुलांना घरच नव्हते, म्हणून संस्थेलाच घर व्हावे लागले. कागदोपत्री वडील म्हणून शंकरबाबांनी स्वतःचे नाव दिले, मुलींची लग्ने लावून दिली आणि १८ वर्षे पूर्ण होताच अशा मुलांना बालगृहाबाहेर काढणाऱ्या नियमाला विरोध करून आजीवन पुनर्वसनाचा आग्रह सातत्याने धरला. २०२४ च्या पद्मश्रीमुळे हे काम देशाला कळले. शिक्षण, निवारा आणि आडनाव या तीन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, हे वझ्झरला ज्यांनी पाहिले त्यांना आश्रमशाळेच्या रचनेतील उणीव चटकन जाणवेल.

डोंगरावरची शाळा

मेळघाटातील कोरकू मुलाची परिस्थिती नेमकी उलट आहे. त्याला घर आहे, भाषा आहे, गाव आहे. शिक्षणासाठी या तिन्हींपासून त्याला दूर करण्यात आले. १९७०च्या दशकापासून आदिवासी आश्रमशाळांचा विस्तार झाला, त्यामागे दुर्गम पाड्यांपर्यंत शाळा पोचणे अशक्य आहे आणि मुलाला दोन वेळचे जेवण मिळाले पाहिजे, ही दोन रास्त कारणे होती. धारणी प्रकल्पाच्या आश्रमशाळा नसत्या तर आजचे कोरकू शिक्षक, परिचारिका, वनरक्षक दिसले नसते, हे मान्य करावे लागेल. परंतु कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील स्वतंत्र भाषा आहे आणि २०११ च्या जनगणनेत देशभरात तिचे सुमारे ७ लाख २७ हजार भाषक नोंदले गेले. पहिलीच्या वर्गात बसलेल्या कोरकू मुलाला मराठी वाचनाचा धडा आणि मराठी भाषा या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सुरू होतात. शिक्षकाला कोरकू येत नसेल, तर मुलाचे गप्प बसणे हे मंदबुद्धीचे लक्षण समजले जाते. शक्य तेथवर शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये म्हटले आहे. 'शक्य तेथवर' या शब्दांनी डोंगरावर बहुतेक वेळा अशक्यतेचाच अर्थ घेतला. २०१० नंतर आदिवासी मुलांना शहरांतील नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवण्याची योजना आली. तिने हे अंतर कमी केले नाही. मराठीच्या जागी इंग्रजी आणि धारणीच्या जागी आणखी दूरचे शहर, एवढाच फरक झाला.

या रचनेत आईबापांना कोणतेही स्थान नाही. बाबांच्या कीर्तनात पालकाला निदान प्रश्न विचारला जात होता आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले जात होते. आश्रमशाळेत तो प्रवेशाच्या वेळी अंगठा वा सही करतो आणि सुटीत मुलाला न्यावयास येतो. शाळा व्यवस्थापन समितीत त्याला बसवले जाते, पण सभेचे इतिवृत्त त्याला न कळणाऱ्या भाषेत लिहिलेले असते. अशा पालकाविषयी 'उदासीन' हा शब्द अहवालांत वारंवार वापरला जातो. हा शब्द वापरण्यापूर्वी त्याचे वर्ष कसे जाते, हे पाहणे योग्य झाले असते.

पावसाळी पीक हाती आले की मेळघाटातील अनेक कुटुंबे परतवाडा, अचलपूर, अंजनगाव, अकोटच्या बाजूला सोयाबीन आणि पुढे हरभऱ्याच्या कापणीसाठी, तसेच वीटभट्ट्यांवर उतरतात. लहान मुले सोबत येतात, मोठी मुलगी त्यांना सांभाळण्यासाठी येते. पालक बाहेर गेले तरी मूल गावीच शिकत राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय सर्व शिक्षा अभियानापासून केली गेली आहे. मुलाला गावातून न हलवणारी ही व्यवस्था आश्रमशाळेपेक्षा घराच्या अधिक जवळची आहे. तिचे यश मात्र ती केव्हा सुरू होते यावर ठरते. कुटुंबे डोंगर उतरून गेल्यावर वसतिगृह उघडले तर त्यात राहावयास मूल उरत नाही.

मजुरीला गेलेली ही माणसे होळीला परत येतात. कोरकूंचा तो वर्षातला सर्वांत मोठा सण आहे. गावोगावी फगव्याची गाणी होतात, मेघनाथाची पूजा होते, महिनोन्महिने विखुरलेले घर त्या दिवसांत एकत्र येते. शालेय वर्षाच्या आखणीत मात्र दीर्घ सुटी दिवाळीला आणि उन्हाळ्यात आहे. दिवाळीच्या सुटीत आश्रमशाळेतील मूल घरी येते तेव्हा आईबाप सपाटीवर कापणीला असण्याची शक्यता अधिक आणि फाल्गुनात घर भरते तेव्हा मूल परीक्षेच्या तयारीसाठी शाळेत असते. होळीला घरी गेलेली मुले वेळेवर परतत नाहीत, ही मुख्याध्यापकांची नेहमीची तक्रार आहे. वार्षिक सुट्यांची फेररचना करून होळीला दहा-बारा दिवस देण्यासाठी नवा निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. वेळापत्रक ठरवणाऱ्या बैठकीत, कोणता महिना कोठे जातो, हे कोरकू आईबापांना विचारावे लागेल आणि त्यांचे उत्तर समजणारा दुभाषी तेथे बसवावा लागेल.